बँकॉक, आई आणि दोन सॅक : कमी खर्चात सहा रात्री जमतील का?

घाटवाट | ८ डिसेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,
संक्रांतीनंतर मी आणि आई बँकॉकला जायचं म्हणतोय. सहा रात्री, फक्त आम्ही दोघी आणि पाठीवर दोन सॅक. आई एकसष्ट वर्षांची, झेडपीच्या शाळेत शिकवून रिटायर झालेली. पोरांना नकाशात आग्नेय आशिया दाखवण्यात आयुष्य गेलं, पण स्वतः नाशिकच्या बाहेर म्हणजे पंढरपूर, काशी आणि एकदा कन्याकुमारी एवढंच. बाबा गेल्यावर तीन वर्षं ती घरातून फारशी हललीच नाही. आता स्वतःहून म्हणाली, कुठेतरी लांब जाऊया, पण टूरच्या बसमध्ये बसवून माइकवर ओरडत नेणार असतील तर मी येणार नाही.

विमानाची तिकिटं वेगळी धरली आहेत. बाकी राहणं, खाणं, फिरणं, देवळांची तिकिटं सगळं मिळून दोघींत ४० हजार रुपये, यावर एक पैसा नाही. मी हॉस्टेलात राहिलेली आहे (हंपी, गोकर्ण), आई कधीच नाही. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, आणि चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो. उजवा गुडघा दुखतो पण सपाटीवर पाच-सहा किलोमीटर आरामात चालते.

राहायचं कुठे? स्वस्तात फिरणारे जिथे उतरतात त्या खाओ सान रोडबद्दल सगळीकडे वाचतेय पण तिथे आईला नेऊ का? आणि खरंच सांगा, ही आयडिया वेडेपणाची आहे का?

भटकभवानी | ८ डिसेंबर, रात्री १०:४०

वेडेपणाची अजिबात नाही. जा.

खाओ सानवर राहू नकोस, पण खाओ सानच्या जवळ राहा. तो रस्ता रात्री म्हणजे नुसता डीजे, पहाटे दोनपर्यंत झोप नाही. पण मागच्या बाजूला वळलीस की रामबुत्री, आणि पुढे नदीकडे फ्रा आथित रस्ता, तिथे एकदम शांत. जुनी झाडं, लहान गेस्ट हाऊस. पंख्याची डबल रूम ५०० ते ७०० बाटला (बाट म्हणजे तिकडचं चलन) मिळते, एसी हवा तर थोडे जास्त. त्या सगळ्या भागाला बांगलाम्फू म्हणतात, तो शब्द टाकून शोध.

आणि सगळ्यात मोठा फायदा नदीचा. फ्रा आथितच्या धक्क्यावरून नारिंगी झेंड्याची बोट पकडायची, १६ बाट, कुठेही उतरा. वाट अरुण, वाट फो ("वाट" म्हणजे थायीत देऊळ), फुलबाजार, चायनाटाऊन, सगळं त्या नदीच्या काठावर. ट्रॅफिक नाही की घाम नाही. निळ्या झेंड्याची पर्यटकांची बोट वेगळी आणि महाग, धक्क्यावर त्यांचा माणूस आधी तुलाच गाठेल. तू झेंड्याचा रंग बघ आणि गप्प उभी राहा.

लोकलचा_डबा | ८ डिसेंबर, रात्री ११:२५

भटकभवानी यांच्याशी असहमत. बांगलाम्फूला मेट्रो नाही. बोटी संध्याकाळी लवकर बंद होतात, मग टॅक्सी किंवा टुकटुकवाल्याच्या (टुकटुक म्हणजे तिकडची रिक्षा) दयेवर. गुडघा दुखणाऱ्या माणसाला रात्री आठ वाजता चायनाटाऊनहून परत यायचं असेल तर काय करणार?

माझं मत वाट मांगखोन किंवा हुआ लाम्फोंग मेट्रो स्टेशनच्या आसपास राहा. निळी लाइन २०१९ ला वाढवली, त्यानंतर जुन्या शहरात जाणं फार सोपं झालं. सनाम चाय स्टेशनला उतरलं की वाट फो चालत पाच मिनिटं. तिकीट १७ बाटपासून, आणि निळ्या लाइनवर आपलं नेहमीचं व्हिसा-मास्टरकार्डचं टॅप करायचं कार्ड थेट गेटवर चालतं, रांग नाही. वरून धावणारी स्कायट्रेन (बीटीएस) वेगळ्या कंपनीची आहे, तिथे वेगळं तिकीट काढावं लागतं, हे लक्षात ठेवा नाहीतर गोंधळ होतो.

सुवर्णभूमी विमानतळावरून एअरपोर्ट रेल लिंक पकडा, मक्कासानला उतरून पुलावरून पेचबुरी मेट्रो स्टेशनला जा. दोघींचा मिळून खर्च दीडशे बाटच्या आत. टॅक्सीला याच्या तिप्पट तरी जातील.

काळजीवाहू | ९ डिसेंबर, सकाळी ७:५०

ताई, राग मानू नका पण एक विचारतो. आई आयुष्यात पहिल्यांदा परदेशी चालल्यात. तेहतीस-पस्तीस वर्षं नोकरी केली, घर चालवलं. आता त्यांना डॉर्मच्या वरच्या बंकवर झोपवणार का? थोडे पैसे साठवून पुढच्या वर्षी नीट हॉटेलात घेऊन जा. स्वस्तात फिरायचं वय तुमचं आहे, त्यांचं नाही.

भटकभवानी | ९ डिसेंबर, सकाळी ८:१५

काळजीवाहू, आईंनी टूर नको म्हटलंय, त्यांनी स्वतः. आणि पुढच्या वर्षी गुडघा आजच्यापेक्षा बरा असेल याची हमी कोण देणार? डॉर्म घेऊ नका हे मात्र बरोबर आहे. दोन बेडचे पैसे आणि एका साध्या डबल रूमचे पैसे तिथे जवळपास सारखेच होतात, डॉर्मचा फायदा एकट्या माणसाला.

काळजीवाहू | ९ डिसेंबर, सकाळी ८:३१

रूम असेल तर माझी हरकत नाही. माझ्या आईला मी न्यायचं न्यायचं म्हणत राहिलो आणि राहून गेलं, म्हणून बोललो. जाऊन या.

शेवग्याची_शेंग | ९ डिसेंबर, दुपारी १:०५

खाण्याचं मी सांगते, अकरा वर्षं शाकाहारी म्हणून तिकडे जाऊन येतेय (नवऱ्याचं काम).

एकच शब्द पाठ करा: "जे". म्हणजे चिनी बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण. दुकानाबाहेर पिवळं निशाण आणि त्यावर लाल अक्षरं असतात, ते अक्षर दिसायला इंग्रजी सतरा आकड्यासारखं दिसतं. ते दिसलं की डोळे मिटून आत जा. त्यात मांस, मासे, अंडं, दूध काही नसतंच, आणि कांदा-लसूणही नसतो! तुमच्या आईंचा चातुर्मास असता तरी चाललं असतं. दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवस जे सण असतो तेव्हा चायनाटाऊनमध्ये गल्लीच्या गल्ली पिवळी होते.

बाकी ठिकाणी नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही. त्यांच्या मते माशाचा सॉस म्हणजे मीठच. "माय साय नाम प्ला" म्हणायचं, नाम प्ला घालू नका. करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट असते, ती तर काढताच येत नाही, तेव्हा लाल-हिरवी करी जे दुकानातच खा. सोम तम म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर आईंना आवडेल, पण सुकी कोळंबी आणि नाम प्ला दोन्ही नको म्हणून सांगायचं आणि समोर उभं राहून करून घ्यायची.

स्वस्त आणि स्वच्छ पाहिजे तर असोक भागातल्या टर्मिनल २१ मॉलमधलं वरच्या मजल्यावरचं फूड कोर्ट. मॉल बघून घाबरू नका, रस्त्यावरच्याच भावात ताट मिळतं.

खाडीवरचा_खवय्या | ९ डिसेंबर, दुपारी २:२०

पॅड थायमध्ये (परतलेल्या नूडल्स) पण सुकट असते बरं का, ते पण सांगा काकूंना. आमच्या मालवणात सुकट घातलेल्या ताटाला कोणी शाकाहारी म्हणालं तर कोंबडीसुद्धा हसेल :)

मँगो स्टिकी राइस मात्र बिनधास्त. चिकट भात, नारळाचं दूध, आंबा. जानेवारीत आंब्याचा खरा हंगाम नसतो पण मिळतो. हापूसशी तुलना करू नका, वेगळं फळ म्हणून खा, मग फार आवडतं.

दूरदेशी | ९ डिसेंबर, संध्याकाळी ६:४५

पैसे आणि कागदपत्रं, कारण हे कोणी लिहिलं नाही.

व्हिसा: १५ जुलै २०२४ पासून भारतीय पासपोर्टला ६० दिवस व्हिसाशिवाय प्रवेश सुरू झाला. हे दिवस कमी करायची चर्चा तिकडे चालू असते, तुम्हाला सहा रात्रीच काढायच्यात त्यामुळे फरक पडू नये, तरी निघायच्या आठवड्यात दूतावासाच्या साइटवर नजर टाका. १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. ते पूर्ण फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा, ती सरकारी नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग छापून ठेवा, आणि थोडी रोकड जवळ दिसू द्या, कधीकधी विचारतात.

पैसे: बाटचा रुपयातला भाव बदलत असतो, निघताना बघून धरा. तिकडच्या एटीएमला परदेशी कार्ड घातलं की दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त फी कापतात, दोन हजार बाट काढले तर दहावा हिस्सा गेला. कोऱ्या करकरीत शंभर डॉलरच्या नोटा न्या आणि शहरात बदला. विमानतळावर बदलायचेच असतील तर बाहेरच्या हॉलमधल्या खिडकीवर नको, तळमजल्याखाली रेल लिंकच्या स्टेशनाजवळ जे मनी चेंजर आहेत तिथे भाव बराच चांगला असतो. रुपये पण घेतात पण भाव पडतो.

आणि पाणी. नळाचं पिऊ नका पण बाटल्या पण विकत घेत बसू नका. गल्लीबोळात पाण्याची मशिनं असतात, एक बाटचं नाणं टाकलं की साधारण लिटरभर पाणी.

संथ_वाहते | ९ डिसेंबर, रात्री ९:३०

आम्ही सांगलीचे चौघं मित्र गेलेलो तेव्हाची गोष्ट सांगतो कारण काकू बरोबर असताना हे होऊ नये.

राजवाड्याच्या (ग्रँड पॅलेस) भिंतीकडेनं चाललोय, एक माणूस आला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, इंग्रजी आपल्यापेक्षा भारी. म्हणला आज राजवाडा बंद आहे, बौद्ध सण आहे, दुपारनंतर उघडेल. तोवर माझा ओळखीचा टुकटुकवाला वीस बाटमध्ये तीन देवळं दाखवेल. लई गोड माणूस. आम्ही बसलो. एक देऊळ झालं, मग एक रत्नांचं दुकान, मग शिंप्याचं दुकान, मग परत रत्नांचं. दुकानात गेलं की टुकटुकवाल्याला पेट्रोलची कुपनं मिळतात म्हणे. आमच्यातल्या एकानं बायकोला म्हणून नीलम घेतला साडेचार हजार बाटचा. सांगलीत सराफाला दाखवला तर त्यानं भिंगातून बघितलं आणि चहा मागवला. त्यावरून समजलो.

राजवाडा त्या दिवशी उघडाच होता. सकाळी साडेआठला उघडतो, साडेतीनला तिकीट बंद. कोणी काही म्हणू दे, सरळ दारापर्यंत चालत जायचं आणि आपल्या डोळ्यांनी बघायचं.

करवंद | ९ डिसेंबर, रात्री १०:०२

राजवाडा ५००, वाट फो ३००, वाट अरुण २००. म्हणजे दोघींचे २००० बाट, साडेपाच हजार रुपये नुसती तीन तिकिटं! थायी लोकांना हे सगळं फुकट. देवळात जायला परदेशी माणसाकडून पैसे घेणं मला मुळीच पटत नाही, आणि कमी बजेट असेल तर राजवाडा सरळ गाळा.

दूरदेशी | ९ डिसेंबर, रात्री १०:२०

ताजमहालला आपल्याला ५० रुपये आणि परदेशी माणसाला ११००. थायलंड बिमस्टेकमध्ये (बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचा गट) आहे म्हणून थायी पाहुण्याला तिथे ५४० पडतात, म्हणजे आपल्या दहापटीहून जास्त. आपण तक्रार करायला नको.

करवंद | ९ डिसेंबर, रात्री १०:२६

ताज थडगं आहे, चालतं देऊळ नाही. पुजेच्या जागेला तिकीट नको एवढंच माझं म्हणणं. ताजचंही मला पटत नाहीच.

शब्दवेल | ९ डिसेंबर, रात्री ११:१०

करवंद, तिकिटावर वाद होऊ शकतो पण काकू शिक्षिका आहेत, राजवाडा गाळू नका. आतल्या वाट फ्रा केवच्या ओवरीत रामकियेन रंगवलंय, म्हणजे त्यांचं रामायण, १७८ चित्रं, भिंतभर. रावण तिथे तोत्सकान, म्हणजे दशकंठ. हनुमान पांढरा शुभ्र आणि तिथला हनुमान ब्रह्मचारी नाही, हे आधी सांगून ठेवा. सकाळी उघडल्या उघडल्या जा आणि त्या ओवरीत दोन तास द्या, बाकीचे लोक सोन्याच्या कळसाखाली फोटो काढत असतात, ओवरी तुलनेनं मोकळी मिळते.

विषय निघालाच आहे तर. बँकॉक हे नाव थायी लोक वापरत नाहीत, ते म्हणतात क्रुंग थेप. थेप म्हणजे देव. पूर्ण नाव ऐका, १७८२ मध्ये पहिला राम नावाच्या थायी राजानं राजधानी इथे आणली तिथून सुरू होणारं, मी संस्कृतात लावून लिहितोय: देवांची नगरी महानगर, अमर रत्नकोसिंद्र, महेंद्र अयोध्या, महातिलकभव, नवरत्न राजधानी पुरीरम्य, उत्तम राजनिवेशन महास्थान, अमरविमान अवतारस्थित, शक्रदत्तिय विष्णुकर्मप्रसिद्धी. जगातलं सगळ्यात लांब गावाचं नाव म्हणतात ते हे. शेवटचे दोन शब्द म्हणजे इंद्रानं दिलेली, विश्वकर्म्यानं बांधलेली.

आईंना गाडीत बसवा आणि कान देऊन ऐकायला सांगा. स्टेशनला "सथानी" म्हणतात, स्थानी. जेवण "आहान", आहार. भाषा "फासा". उद्यान "उथयान". नमस्कार "सवत्दी", तो स्वस्तीवरून आला.

खाडीवरचा_खवय्या | ९ डिसेंबर, रात्री ११:१८

एवढं नाव रिक्षावाल्याला सांगेपर्यंत मीटर पन्नास बाट पळेल :)

गुडघेदुखी_नको | १० डिसेंबर, सकाळी ९:००

फिजिओ आहे म्हणून लिहिते. शहरात दोन प्रकारची बोट आहे, दोन्हीत घोळ करू नका. नदीवरची मोठी बोट आईंना चालेल, फक्त चढताना धक्का आणि बोट यात फट हलत असते, तेव्हा तुम्ही आधी चढून हात द्या. पण सेन सेप कालव्यातली बोट, वाट साकेतजवळच्या पानफा धक्क्यावरून निघते ती, नको. काही सेकंद थांबते, काठावर पाय ठेवून दोरी धरून आत उतरायचं, वर पाणी उडू नये म्हणून ताडपत्री ओढतात. स्वस्त आणि मजेशीर आहे, पण दुखऱ्या गुडघ्याला नाही. वाट अरुणचे मधल्या प्रांगणाचे जिने पण फार उभे आहेत, खालून बघितलं तरी चिनी मातीच्या तुकड्यांचं काम छान दिसतं. वाट साकेतचा डोंगर मात्र जमेल, ३४४ पायऱ्या आहेत पण बुटक्या आणि गोल वळत जाणाऱ्या.

प्रवास विमा काढा. मी तिथे ओल्या फरशीवर घसरले होते, नुसता घोटा मुरगळला, एक्सरे आणि पट्टी यांचं बिल बघून घाम फुटला. विम्यानं सगळं भरलं.

घाटवाट | १० डिसेंबर, रात्री ९:४५

केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. सगळा धागा आईला मोठ्यानं वाचून दाखवला. संथ_वाहते यांच्या नीलमावर ती डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसली, काळजीवाहू यांच्या दुसऱ्या पोस्टला गप्प झाली आणि म्हणाली त्यांना सांग, मी त्यांच्या आईच्या नावानं एक दिवा लावीन.

ठरलं असं की पहिल्या तीन रात्री नदीजवळ, नंतरच्या तीन वाट मांगखोनजवळ. दोन्ही बाजू राखल्या :) परत आल्यावर खरा हिशोब टाकते.

लोकलचा_डबा | १० डिसेंबर, रात्री ९:५८

हिशोब नक्की टाका. लोक विचारून जातात आणि परत कधी येत नाहीत.

घाटवाट | २ फेब्रुवारी, रात्री ८:३०

आलो! हिशोब आधी, कारण वचन दिलं होतं. डॉलर बदलून आम्हाला १४,८०० बाटच्या आसपास मिळाले. सहा रात्रींचं राहणं ४,३५०. जेवण, चहा, फळं मिळून ३,२००. बोट, मेट्रो, विमानतळाचं येणं-जाणं १,१८०. तिकिटं २,२००, कारण राजवाडा, वाट फो, वाट अरुण तिन्ही केले आणि वाट साकेत पण. अयुथया या जुन्या गावी काढलेला दिवस ७४०. आईच्या पायाचं मालिश दोन वेळा ५००. उरलेल्यातून भाचरांसाठी हत्तीच्या चित्रांच्या विजारी, फुलं वगैरे. विमा भारतातच काढला होता. साधारण दीड हजार बाट परत आणले.

भटकभवानी आणि लोकलचा_डबा दोघेही बरोबर आहात, पण परत गेले तर मी आधी मेट्रोजवळ राहीन आणि मग नदीजवळ. पहिल्या दिवशी दमून उतरल्यावर बांगलाम्फू गाठताना आमचे हाल झाले, भर गर्दीच्या वेळी बसमध्ये पावणेदोन तास. पण सकाळी साडेसहाला फ्रा आथितच्या बागेत नदीकडे तोंड करून आई जी बसली ती उठेना. समोरून वाळूचे तराफे ओढत छोटीशी बोट जात होती. म्हणाली, गोदावरी अशी वाहताना मी पावसाळ्यातच बघते.

राजवाड्याच्या भिंतीजवळ तो इस्त्रीचा शर्टवाला आलाच! आईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं, वर्गात उशिरा आलेल्या पोराचं ऐकावं तसं, आणि मराठीत म्हणाली "असू दे हं बाळा, आम्ही दारापर्यंत जाऊन बघतो". तो बाजूला झाला.

शब्दवेल, ओवरीत दोन नाही, पावणेतीन तास. पूर्वेच्या भिंतीपर्यंत पोचेपर्यंत तिच्यामागे चार अनोळखी मुलं उभी होती, एक दिल्लीचं कुटुंब होतं, त्यांना ती हिंदीत कुठल्या चित्रात कोण ते सांगत होती. तिला मी तीन वर्षांत असं बोलताना ऐकलं नव्हतं.

अयुथयाला हुआ लाम्फोंगच्या जुन्या स्टेशनवरून थर्ड क्लासनं गेलो. लांब पल्ल्याच्या गाड्या आता दुसऱ्या मोठ्या स्टेशनावरून सुटतात पण साध्या गाड्या अजून इथून आहेत. तिकीट माणशी वीस बाटच्या आत, खिडक्या उघड्या, पंखा, फेरीवाले. तिथे स्टेशनसमोरून नावेनं नदी ओलांडायची. लोक सायकली घेतात, आम्ही टुकटुक तासावर ठरवलं. १३५० मध्ये वसवलेलं गाव, नाव अयोध्येवरून, १७६७ मध्ये बर्मी सैन्यानं जाळलं. वाट महाथातला झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं डोकं आहे, तिथे फोटो काढताना त्या डोक्यापेक्षा आपलं डोकं खाली पाहिजे, त्यामुळे सगळे गुडघ्यावर बसतात. आईला बसता येईना, तर तिथला पहारेकरी स्वतः स्टूल घेऊन आला.

वाईट काय झालं तेही लिहिते. दोन दिवस हवा फार खराब होती, धुरकट, जानेवारी-फेब्रुवारीत तिथे हे असतंच म्हणे, ते मला आधी कळायला हवं होतं. आईला खोकला झाला. मास्क लावा. आणि दुसऱ्या गेस्ट हाऊसमध्ये फोटोतली खिडकी प्रत्यक्षात जिन्यात उघडत होती, बुकिंग करताना खिडकी बाहेर उघडते का हे विचारून घ्या.

गुडघेदुखी_नको | २ फेब्रुवारी, रात्री ९:०५

गुडघ्याचं काय झालं? ३४४ पायऱ्या?

घाटवाट | २ फेब्रुवारी, रात्री ९:१२

चढली. अकरा वेळा थांबून. वर घंटा आहेत त्या सगळ्या वाजवल्या. काळजीवाहू, तिथेच वर तुमच्या आईंच्या नावानं दिवा लावला.

काळजीवाहू | २ फेब्रुवारी, रात्री ९:४०

काकूंना माझा नमस्कार सांगा. फोटो असेल तर पाठवाल का?

चिंचगूळ | ३ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

आजच धागा वाचला. माझी आई त्रेसष्ट, सोलापूर. ती ऐकायलाच तयार नाही, म्हणते माझं काय काम तिकडे, भाषा येत नाही, खाणं मिळणार नाही. घाटवाट, तुमच्या आईंना विचाराल का, त्या काय सांगतील?

घाटवाट | ३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१५

नमस्कार. मी हिची आई, हिच्याच नावावरून लिहिते आहे, चुकल्यास सांभाळून घ्यावे.

भाषा मलाही आली नाही. पण गाडीत बाई दर वेळी "सथानी" म्हणायची तेव्हा मला बरे वाटायचे. दुसऱ्या दिवसापासून मी पुढच्या स्थानकाचे नाव हिच्या आधी सांगू लागले. खाण्याचे म्हणाल तर पिवळे निशाण आणि सतरा आकडा, इतके पुरते. चायनाटाऊनमधल्या एका म्हातारीच्या गाडीवर आम्ही तीन दिवस जेवलो. तिला मी विचारले, जे? ती म्हणाली, जे. आमचे एवढेच बोलणे. चौथ्या दिवशी तिने आपणहून माझ्या ताटात टोफू वाढला आणि पैसे घेतले नाहीत.

रात्री फुलबाजारात जरूर न्या. पाक खलोंग तलात असे नाव आहे, सनाम चाय स्थानकापासून जवळ. आपल्यासारखाच झेंडू, ढिगाने, आणि मोगऱ्याच्या कळ्या सुईने ओवणाऱ्या बायका. मोगऱ्याच्या जातीच्या त्या फुलाला तिथे मली म्हणतात आणि हाराला मालाय. मी एकीच्या शेजारी बसले, तिने सुई दिली. त्यांची सुई हातभर लांब असते, सगळी फुले आधी सुईवर घ्यायची आणि मग एकदम दोऱ्यात उतरवायची. मी आपली गाठ मारून गजरा करून दाखवला, बिनसुईचा. तिने तो डोक्यात न घालता देवापुढे ठेवला.

संध्याकाळी लुम्फिनी बागेत सहा वाजता राष्ट्रगीत लागते तेव्हा पळणारेसुद्धा जागच्या जागी उभे राहतात. मग बायकांचा व्यायाम सुरू होतो गाण्यावर, त्यात कोणीही जाऊन उभे राहावे. मी राहिले.

तुमच्या आईंना बूट किंवा चपला अशा घ्या की न वाकता काढता-घालता येतील, देवळांत दिवसातून दहा वेळा काढाव्या लागतात. खांदे-गुडघे झाकणारे कपडे, एक मास्क, थोडा चिवडा. आणि सॅक त्यांची त्यांना भरू द्या. हिने माझी भरली होती, तर पहिल्या रात्री माझा चष्मा कुठल्या कप्प्यात आहे ते आम्हाला दोघींनाही सापडेना.